बाप जुळला, भाऊ नाही: नाशिकच्या एका थॅलेसेमिया कुटुंबातील जनुकीय खुणांचे प्रकरण

कुटुंब आणि आजार

सईला (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) आमच्या नाशिकच्या थॅलेसेमिया डे-केअरमध्ये पहिल्यांदा आणले तेव्हा ती सात महिन्यांची होती. चेहरा पांढराफटक, पोट फुगलेले, दूध ओढतानाही धाप लागायची. थॅलेसेमिया मेजरचे, म्हणजे शरीरात हिमोग्लोबिन पुरेसे न बनण्याच्या आनुवंशिक आजाराच्या तीव्र प्रकाराचे, निदान झाले आणि दर तीन आठवड्यांनी रक्त सुरू झाले. वारंवार चढवलेल्या रक्तातून शरीरात लोह साठत जाते, म्हणून पुढे लोह उतरवणारी गोळीही लागली. अस्थिमज्जा (रक्त तयार करणारा हाडांतला मगज) प्रत्यारोपणाचा विषय गंभीरपणे निघाला तेव्हा ती सात वर्षांची, दुसरीत होती.

कुटुंब मूळचे सिन्नर तालुक्यातले. वडील अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम करतात, घर सिडकोत भाड्याचे. आई ही वडिलांची सख्खी मामेबहीण. म्हणजे सईची आजी आणि सईच्या आईचे वडील, ज्यांना सगळे नाना म्हणतात, हे बहीण-भाऊ. सून आजही सासूला आत्याबाई म्हणते. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. आजार कळल्यावर नातेवाइकांनी या लग्नावर बोट ठेवले तेव्हा आत्याबाईंनी ते फार मनाला लावून घेतले.

दोघेही आईवडील थॅलेसेमिया मायनर, म्हणजे वाहक. हिमोग्लोबिन ए-टूचे प्रमाण दोघांचेही साडेतीन टक्क्यांच्या वर. जनुक तपासणीत दोघांमध्ये एकच बदल सापडला, आयव्हीएस १-५, जो भारतात सर्वाधिक आढळतो. तो ११ व्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिन जनुकात असतो. आजी वाहक आणि नानाही वाहक निघाले, तेव्हा तो एकाच घरातून दोन वाटांनी सईपर्यंत आला हे स्पष्ट झाले. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात मेजर मूल होण्याची शक्यता चारात एक असते. गर्भाची तपासणी १० ते १२ आठवड्यांत होऊ शकते; या जोडप्याला सईच्या वेळी ते कोणी सांगितले नव्हते.

सईला एक भाऊ आहे, चार वर्षांनी मोठा. त्याचा रक्तगट बी पॉझिटिव्ह, सईचाही बी पॉझिटिव्ह. त्यामुळे दाता ठरलाच, आता फक्त तपासणीचा कागद यायचा बाकी, असे घरात सगळ्यांनी धरून ठेवले होते. भावाला तर आजीने बदाम-खारीकही सुरू केली होती. वडिलांचा गट ओ, म्हणून त्यांचे नाव कोणी घेतलेच नव्हते.

पहिला अहवाल

अस्थिमज्जा जुळवताना रक्तगट पाहत नाहीत. पाहतात एचएलए. ही सहाव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर शेजारी शेजारी बसलेली जनुके: ए, बी, सी, डीआरबी१, डीक्यूबी१ आणि आणखी काही. पेशीच्या आत काय चालले आहे याचे तुकडे ती पेशीच्या पृष्ठभागावर मांडून ठेवतात आणि रोगप्रतिकारक पेशी ते तपासतात. परकी एचएलए दिसली की हल्ला होतो. फ्रेंच संशोधक ज्याँ दॉसे यांनी १९५८ मध्ये या गटातला पहिला प्रतिजन ओळखला आणि त्या कामासाठी १९८० च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. आज या जनुकांची ४० हजारांहून अधिक वेगवेगळी रूपे नोंदलेली आहेत. माणसाच्या जनुकसंचात इतकी विविधता असलेली दुसरी जागा नाही.

ही जनुके इतकी जवळ आहेत की ती बहुतेक वेळा एकगठ्ठा वारशाने येतात. या गठ्ठ्याला हॅप्लोटाइप म्हणतात. प्रत्येकाकडे दोन हॅप्लोटाइप, एक आईकडचा, एक वडिलांकडचा. म्हणून सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, निम्मे जुळण्याची ५० आणि अजिबात न जुळण्याची २५. आणि आई किंवा वडील? ते मुलाशी निम्मे जुळतात. एक हॅप्लोटाइप त्यांनी दिलेला असतो, दुसरा जोडीदाराचा. म्हणून पूर्ण जुळणारा दाता शोधताना पहिली आशा भावंडांकडून असते. कुटुंबाबाहेर शोधायचे तर नोंदणीकृत भारतीय दात्यांची संख्या आपल्या लोकसंख्येच्या मानाने फारच थोडी आहे.

चौघांचे नमुने गेले. अहवाल येण्याआधी प्रयोगशाळेचा फोन आला: नळ्यांवरची लेबले तपासून पाहाल का? कारण सई आणि वडील तंतोतंत सारखे दिसत होते. आणि भाऊ व आई तंतोतंत सारखे. चार नळ्या, दोन जोड्या. पाहणाऱ्याला पहिली शंका अदलाबदलीचीच येणार, आणि ती येणे योग्यच आहे. शिवाय सईला सतत दुसऱ्याचे रक्त चढत असल्याने तिच्या रक्तनमुन्यावर पूर्ण भरवसा ठेवणे बरे नव्हते. म्हणून नवे नमुने घेतले, या वेळी गालाच्या आतून स्वॅब, प्रत्येकाचा वेगळ्या वेळी, प्रत्येक पाकिटावर त्या त्या व्यक्तीची सही किंवा अंगठा.

निकाल तोच आला. अधिक बारकाईच्या तपासणीतही वडील आणि सई दहापैकी दहा, म्हणजे पाच जनुकांच्या प्रत्येकी दोन्ही प्रती सारख्या.

मग आजी आणि नाना यांचेही स्वॅब मागवले, आणि चित्र उलगडले. हॅप्लोटाइपना क, ख, ग अशी नावे देऊ. आजीकडे क होता आणि नानांकडेही तोच क, कारण ते बहीण-भाऊ. आजीने क आपल्या मुलाला दिला, नानांनी क आपल्या मुलीला. म्हणजे सईचे वडील क-ख आणि आई क-ग. नवरा-बायकोत एक हॅप्लोटाइप समान. अशा जोडप्याच्या मुलाला आईकडून क आणि वडिलांकडून ख मिळाला तर ते मूल क-ख होते, हुबेहूब वडिलांसारखे. सईचे तेच झाले. भावाला वडिलांकडून क आणि आईकडून ग मिळाला, म्हणून तो आईसारखा. बहीण-भाऊ एकमेकांशी निम्मेच जुळत होते.

ज्या घरात आईवडील रक्ताच्या नात्यात आहेत तिथे भावंड जुळले नाही म्हणून फाइल बंद करू नये, आईवडील, काका, मामा, आत्या, चुलत-मामे भावंडे यांच्यापर्यंत तपासणी न्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. खर्च वाढतो हे खरे. पण बाहेरचा दाता शोधण्याच्या खर्चापुढे तो किरकोळ आहे. कोल इंडियाच्या मदतीने २०१७ मध्ये सुरू झालेल्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेत प्रत्यारोपणासाठी १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते आणि तिथे कुटुंबातला जुळणारा दाता ही कळीची अट आहे. अंबडच्या पगारात हे प्रत्यारोपण त्या मदतीशिवाय झाले नसते.

दाता स्वतः थॅलेसेमिया मायनर असला तरी चालतो. त्याचे रक्त तयार होते, फक्त पेशी थोड्या लहान असतात. सईला बरे होऊन वडिलांसारखे व्हायचे होते, एवढे पुरेसे होते.

थोरल्या काकांचा प्रश्न

निकाल समजावायला घरच्यांना बोलावले तेव्हा सात-आठ जण आले. खुर्च्या पुरल्या नाहीत. पहिला प्रश्न अपेक्षित होता: रक्तगट वेगळा, मग जुळले कसे? रक्तगट ठरवणारे एबीओ जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे, एचएलए सहाव्या, दोन्हींचा वारसा स्वतंत्र. ओ गटाच्या दात्याची मज्जा बी गटाच्या मुलीला देता येते. दात्याच्या प्लाझ्मामधल्या बी-विरोधी प्रतिपिंडांची काळजी घ्यावी लागते, आणि पुढे मुलीचा रक्तगटच ओ होतो. यावर बराच वेळ कोणी बोलले नाही.

मग थोरले काका बोलले. ते सिन्नरला शेती करतात, वाचन चांगले आहे, आणि प्रश्न विचारताना त्यांना कसलाही संकोच नव्हता. ‘मॅडम, माणसाचा आणि चिंपांझीचा डीएनए ९९ टक्के जुळतो असं आम्ही वाचतो. मग सख्खा भाऊ पन्नास टक्केच कसा जुळतो? पोराच्या मानानं चिंपांझी जवळचा म्हणायचा का?’

काही जण हसले. मला मात्र हा त्या दिवसातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटला, कारण याच गोंधळापायी लोक अहवाल चुकीचे वाचतात. त्याचे उत्तर तिथे थोडक्यात दिले, इथे सविस्तर देते.

चिंपांझीचा जनुकसंच २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. एकास एक लावून पाहता येणाऱ्या अक्षरांपैकी सुमारे १.२ टक्के अक्षरे वेगळी निघाली. तुटलेले किंवा वाढलेले भाग मोजले तर फरक याहून बराच मोठा होतो, पण ‘९९’ हा आकडा त्या एकेका अक्षराच्या मोजणीतून आला. त्याच मोजणीने कोणतीही दोन माणसे घेतली तर फरक सुमारे ०.१ टक्का, हजारात एक अक्षर. भावाभावांत त्याहूनही कमी. म्हणजे काकांच्या मोजपट्टीने सई आणि तिचा भाऊ ९९.९ टक्क्यांच्याही वर सारखे आहेत. ‘पन्नास टक्के’ हा आकडा अक्षरांच्या सारखेपणाचा नाही. एका विशिष्ट जागेचे दोन गठ्ठे आहेत, त्यांतला एक दोघांकडे समान आहे, एवढेच तो सांगतो.

इथवर सोपे आहे. पण काकांच्या प्रश्नात त्यांना माहीत नसलेले एक खरे टोकही होते. एचएलए ही अशी जागा आहे जिथे माणूस माणसाच्या जवळ आणि चिंपांझी लांब हा क्रम खरोखर मोडतो.

१९८८ मध्ये माणूस आणि चिंपांझी यांची ही जनुके शेजारी ठेवून पाहिल्यावर संशोधकांना दिसले की काही मानवी रूपे इतर मानवी रूपांपेक्षा चिंपांझीच्या रूपांना अधिक जवळची आहेत. यान क्लाइन यांनी याला जातींच्या पलीकडे टिकणारी विविधता असे म्हटले. डीआरबी१ चे उदाहरण घेऊ. सईच्या क हॅप्लोटाइपवर या जनुकाचे ०७ हे रूप आहे आणि ख वर ०३. चिंपांझींमध्येही ०७ आणि ०३ ही दोन्ही घराणी आहेत. माणसाचे ०७ हे माणसाच्याच ०३ पेक्षा चिंपांझीच्या ०७ शी अधिक मिळतेजुळते. माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटा साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. ही घराणी त्याआधीपासूनची आहेत. एकाच पूर्वज समूहातून दोन्ही बाजूंना गेली आणि दोन्हीकडे टिकली. अक्षरन्‌अक्षर तेच रूप दोन्ही जातींत सापडावे असे सहसा होत नाही, घराणे तेवढे सामायिक असते.

इतका काळ ती टिकली कशी? रोगजंतूंमुळे. एचएलएची दोन वेगळी रूपे असलेला माणूस अधिक प्रकारचे जंतू ओळखू शकतो, आणि दुर्मीळ रूपाला चकवण्याची जंतूंना सवय नसते. म्हणून निवड इथे एकाच विजेत्याला पुढे काढत नाही, अनेकांना धरून ठेवते. साथीने हे चित्र बदलूही शकते. चिंपांझींमध्ये एकूण जनुकीय विविधता माणसांपेक्षा जास्त आहे, पण नेमक्या ए, बी, सी या जनुकांत मात्र ती कमी भरते. माणसात सर्रास आढळणारे ए-०२ चे घराणे त्यांच्यात नाहीच. एचआयव्हीच्या जातकुळीतल्या एखाद्या विषाणूची साथ २०-३० लाख वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांवरून गेली असावी, असा त्यावरचा एक गंभीर तर्क आहे. सी हे जनुक तर आणखी अलीकडचे, ते फक्त माणूस आणि चिंपांझी, गोरिला यांसारख्या बिनशेपटीच्या मोठ्या वानरांमध्ये आहे. त्र्यंबकच्या वाटेवर दिसणारी तांबड्या तोंडाची माकडे असोत की काळतोंडी वानरे, त्यांच्यात सी नाही. त्यांची शाखा आपल्यापासून अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी निघाली.

एबीओचीही कथा अशीच. २०१२ च्या एका अभ्यासात दिसले की ए आणि बी हा भेद माणूस आणि गिबन यांच्या समान पूर्वजातही असावा, म्हणजे सुमारे दोन कोटी वर्षे जुना. चिंपांझी बहुतांश ए गटाचे, थोडे ओ. गोरिला बी. सईच्या भावाचा ‘जुळणारा’ बी गट असा जगभरच्या करोडो लोकांमध्ये आणि गोरिलांमध्येही आहे. त्यावरून कोणाशी कोणाचे नाते जवळचे हे ठरवताच येत नाही.

काकांना हे पटले असावे. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला तो खर्चाचा.

लाल खूण असलेली जागा

प्रत्यारोपणाआधी आणखी एक तपासणी करतात, जिच्याकडे घरच्यांचे लक्ष सहसा जात नाही. प्रत्यारोपणानंतर मुलीच्या रक्तात दात्याच्या पेशी किती आणि तिच्या स्वतःच्या किती उरल्या हे वेळोवेळी मोजावे लागते. त्यासाठी दोघांना वेगळे ओळखता येईल अशा खुणा हव्यात. एचएलए इथे कुचकामी, कारण ती तर मुद्दाम सारखी निवडलेली. म्हणून एसटीआर वापरतात: डीएनएमधल्या अशा जागा जिथे चार अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. कोणाकडे तो २० वेळा, कोणाकडे २४ वेळा. न्यायवैद्यक तपासातही याच खुणा वापरतात. संचात पंधरा जागा होत्या आणि सोळावी लिंग सांगणारी.

प्रत्येक जागी सईची एक संख्या वडिलांच्या दोनांपैकी एकीशी जुळायला हवी. चौदा जागी जुळली. पंधरावी जागा चौथ्या गुणसूत्रावरची, एफजीए नावाची. तिथे वडील २२ आणि २४. आई २० आणि २३. सई २० आणि २५. २० आईकडून आला हे उघड. २५ वडिलांकडे नाही.

अहवालाची पीडीएफ आईच्या मोबाइलवर आली होती. त्यात त्या ओळीपुढे लाल खूण होती. दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली, नवरा कामावर गेल्यावर. कागद नव्हता, मोबाइलच पुढे धरला. म्हणाली, ‘ताई, हे घरात कळलं तर माझ्यावर येईल का?’

तिला सगळ्यात आधी सांगितले ते एवढेच की नाही, आणि याचे कारण मी दोघांनाही एकत्र, कागदावर लिहून देईन.

कारण असे. एसटीआरच्या जागा फार लवकर बदलतात. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते तेव्हा त्याच त्या तुकड्यांच्या रांगेत नक्कल करणारी यंत्रणा घसरते, एक तुकडा वाढतो किंवा कमी होतो. बहुतेक वेळा एकाच पायरीचा फरक पडतो. अशा एका जागी एका पिढीत बदल होण्याचे प्रमाण साधारण हजारात एक-दोन. साध्या अक्षरबदलाच्या मानाने हे सुमारे लाख पटींनी जास्त आहे. शुक्रपेशी आयुष्यभर विभागून तयार होत राहतात म्हणून असे बदल वडिलांकडून जास्त येतात. एफजीए ही तर नेहमी बदल सापडणाऱ्या जागांपैकी एक. पंधरा जागा तपासल्या तर शंभर खऱ्या बाप-लेकरांच्या जोड्यांपैकी एक ते तीन जोड्यांत कुठेतरी एक विसंगती सापडणारच. उलट, भलत्याच पुरुषाचा नमुना असता तर पंधरापैकी निम्म्या जागी तरी जुळले नसते. वडिलांचा सख्खा भाऊ धरला तरी तीन-चार जागी अडखळले असते. म्हणून जगभर एकाच जागेच्या विसंगतीवर पितृत्व नाकारत नाहीत. आईवडील नात्यातले असल्याने गणित थोडे बदलते, प्रयोगशाळेने तेही धरले, आणि २४ चा २५ झाला हाच निष्कर्ष भक्कम ठरला.

काकांच्या प्रश्नाचा उरलेला भाग इथे सुटतो. चिंपांझीच्या डीएनएवरही माणसासाठी बनवलेल्या यांतल्या अनेक तपासण्या चालतात. विष्ठेतून किंवा केसांतून डीएनए काढून जंगलातल्या टोळीत कोणाचे पिल्लू कोणाचे हे अशाच खुणांनी शोधतात. तिथे एखाद्या चिंपांझीचा आकडा सईच्या आकड्याइतकाच निघू शकतो आणि त्याला काडीचाही अर्थ नसतो. वाढत-घटत फिरणाऱ्या संख्येला पुन्हा त्याच ठिकाणी यायला लाखो वर्षे भरपूर होतात. १९९५ च्या सुमारास यावर मोठा वाद झाला होता. माणसाच्या एसटीआर चिंपांझीपेक्षा लांब आढळल्या, तेव्हा माणसात त्या वाढतच चालल्या आहेत असा दावा झाला. त्यावर इतरांनी लक्षात आणून दिले की या जागा निवडल्याच होत्या माणसात लांब आणि बदलत्या आहेत म्हणून. दुसऱ्या जातीत त्याच जागा पाहिल्या तर त्या आखूड दिसणारच. संचातल्या पंधरा जागाही अशाच निवडलेल्या आहेत, माणसामाणसांत फरक दिसावा म्हणून. फरक शोधण्यासाठी निवडलेल्या जागी फरक दिसला की घाबरून जाण्याआधी तो किती पायऱ्यांचा आणि किती जागी हे पाहायला हवे.

सईच्या एकाच शरीरात एका बाजूला ६०-७० लाख वर्षांच्याही आधीपासून चालत आलेले डीआरबी१ चे घराणे आहे, जे वडिलांच्या रूपाशी अक्षरन्‌अक्षर जुळले. दुसऱ्या बाजूला एका पिढीतच सरकलेली एफजीएची संख्या. दोन्ही वडिलांचीच. एचएलए विचारते मज्जा तगेल का, एसटीआर विचारते या पेशी नेमक्या कोणाच्या. एकीचे उत्तर दुसरीच्या कागदावर शोधले की आईवर आळ येतो किंवा भावाला खारीक सुरू होते.

आईवडिलांना एकत्र बसवून हे सांगितले. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘मला कशाला समजावता, तिची चाल बघा ना.’ पण ‘आत्याबाईंना सांगायचं का’ यावर दोघांचे एकमत होईना, आणि तो त्यांचाच निर्णय होता. आम्ही प्रयोगशाळेला विनंती करून अहवालात लाल खुणेऐवजी पूर्ण वाक्य घालून घेतले: एका जागी एका पायरीचा बदल, पितृत्वाशी सुसंगत.

याबाबत मी आग्रही आहे. एचएलए किंवा एसटीआरची तपासणी नात्याची तपासणी म्हणून केली नाही तरी ती नाते दाखवते. हे संमतीपत्रात साध्या मराठीत लिहिलेले असले पाहिजे, आणि सही घेण्याआधी आई व वडील दोघांनाही वेगवेगळे सांगितले पाहिजे. असा अहवाल समजावून सांगण्याआधी मोबाइलवर जाऊ नये. सासरच्या माणसांच्या गर्दीत राहणाऱ्या बाईसाठी एक लाल खूण काय करू शकते, याचा विचार यंत्र करत नाही. तो आपण करायचा असतो.

प्रत्यारोपण आणि २० ची रेघ

प्रत्यारोपण दुसऱ्या शहरातल्या मोठ्या केंद्रात झाले. सईचे यकृत फार वाढलेले नव्हते, लोह बऱ्यापैकी ताब्यात होते. अशा मुलांमध्ये कुटुंबातल्या पूर्ण जुळणाऱ्या दात्याकडून ८० ते ९० टक्के यश मिळते. आधी तिची स्वतःची मज्जा रिकामी करणारी औषधे, मग वडिलांची मज्जा. अंगावर हलके पुरळ आले, औषधांनी गेले.

आणि मग ज्या जागेने धास्ती घातली होती तीच सर्वांत उपयोगी पडली. बाप-लेकीत प्रत्येक जागी निदान एक संख्या समान असते, त्यामुळे बहुतेक जागी कोणाचे किती हे वेगळे काढणे अवघड. एफजीएला मात्र चारही संख्या वेगळ्या: वडील २२, २४ आणि सई २०, २५. शिवाय या तपासणीत प्रत्येक संख्येची एक रेघ उमटते, आणि प्रत्येक खऱ्या रेघेच्या एक पायरी खाली एक खोटी बारीक रेघ उमटते, यंत्रणेच्या त्याच घसरण्यामुळे. वडिलांच्या रेघांच्या सावल्या २१ आणि २३ वर पडतात. एक पायरी वरची सावली क्वचित आणि फिकट पडते, पण २५ तिच्या जवळ असल्याने प्रयोगशाळेने भर २० वर दिला. २० वर काही दिसले तर ते सईचेच. वाय गुणसूत्राची खूणही पाहिली, पण ती वडिलांच्या पेशी आल्याचे सांगते, मुलीच्या शेवटच्या थोड्या पेशी किती उरल्या ते सांगत नाही.

तीसाव्या दिवशी २० ची रेघ अगदी लहान होती. शंभराव्या दिवशी थोडी वाढली आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. प्रतिकारशक्ती दाबणारे औषध पटकन कमी न करता सावकाश उतरवले, तपासण्या जवळजवळ घेतल्या. मग रेघ थांबली. वर्षभराने दात्याच्या पेशी नव्वद-पंच्याण्णव टक्क्यांवर आणि सईच्या स्वतःच्या उरलेल्या थोड्या पेशी तेवढ्यावरच स्थिर राहिल्या, आणि थॅलेसेमियात एवढे मिश्रण चालते. रक्त चढवणे बंद झाले. हिमोग्लोबिन वडिलांसारखेच, ११ च्या आसपास, पेशी लहान. रक्तगट ओ. साठलेले लोह काढण्यासाठी आता ठरावीक अंतराने तिचे थोडे रक्त काढून टाकतात. ज्या मुलीला वर्षानुवर्षे रक्त चढवले तिचे काढताना आजी तिथे थांबू शकली नाही.

फाइलमध्ये पुढे काय लिहिले

फाइलच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी ठळक लिहिल्या आहेत आणि त्यांची प्रत आईवडिलांकडे दिली आहे.

सईच्या रक्तातून आता मुख्यतः वडिलांची एसटीआर ओळख निघेल, थुंकीतूनही बऱ्याच अंशी, कारण थुंकीत रक्तातल्या पांढऱ्या पेशी असतात. पुढे कधी ओळखीसाठी डीएनए द्यावा लागला तर केसांच्या मुळांचा नमुना द्यायचा आणि प्रत्यारोपणाचे कागद सोबत जोडायचे.

नात्यातल्या सर्व मुलामुलींची लग्नाआधी वाहक तपासणी. आजीच्या आणि नानांच्या बाजूची मिळून बरीच मुले लग्नाच्या वयाची होत आहेत. सईचा भाऊ वाहक निघाला आहे. त्याला हे त्याच्या वयाला कळेल असे सांगितले आहे आणि त्याने ते फारसे मनावर घेतलेले नाही. थोरल्या काकांनी स्वतः पुढाकार घेऊन सिन्नरच्या घरातल्या सगळ्यांचे रक्त तपासून घेतले.

तिसरी गोष्ट सईसाठी. मज्जा बदलली तरी बीजकोषातली जनुके बदलत नाहीत. तिला आयव्हीएस १-५ आई आणि वडील दोघांकडून आला आहे, त्यामुळे तो तिच्या प्रत्येक अंडपेशीत असतो, म्हणून तिचे प्रत्येक मूल निदान वाहक असेल. जोडीदार वाहक असला तर दर गरोदरपणात मेजरची शक्यता निम्मी. आधीच्या औषधांचा बीजकोषांवर परिणाम झाला आहे का, हे पौगंडावस्थेत हार्मोन तपासून पाहायचे आहे. पहिली तपासणी ती बारा वर्षांची झाल्यावर ठरवली आहे.